बनी, जडी, रोझियम : वऱ्हाडी कापसाच्या उपगटांचा इतिहास

वनस्पतींच्या वर्गीकरणात जातीच्या खाली पाच मान्य पायऱ्या आहेत : उपजाती, प्रकार, उपप्रकार, रूप आणि उपरूप. कुल, प्रजाती आणि जाती या वरच्या पायऱ्यांवर शास्त्रज्ञांचे सहसा एकमत होते. जातीच्या खाली उतरले की मतभेद वाढतात. दोन झाडांतला फरक किती मोठा असला म्हणजे त्यांना वेगळ्या जाती म्हणायचे, किती असला म्हणजे एकाच जातीचे दोन प्रकार म्हणायचे आणि कोणता फरक मुळीच विचारात घ्यायचा नाही, हे सांगणारे एकच माप नाही. पिकांच्या बाबतीत ही अडचण अधिक वाढते, कारण हजारो वर्षे माणसाने बी निवडून पेरल्यामुळे एकेका जातीत असंख्य रूपे निर्माण झालेली असतात.

देशी कापूस हे याचे ठळक उदाहरण आहे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत, म्हणजे अमरावती-अकोल्यापासून यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, महागाव, उमरखेड या पैनगंगेकाठच्या मुलखापर्यंत, पिकणाऱ्या एकाच पऱ्हाटीला पाऊणशे वर्षांच्या आत पाच शास्त्रीय नावे मिळाली. कधी ती स्वतंत्र जाती ठरली, कधी एका जातीचा प्रकार, कधी दुसऱ्या जातीचा प्रकार, कधी नुसते रूप, तर कधी भौगोलिक गट. झाड तेच राहिले, त्याचा दर्जा बदलत गेला. प्रत्येक बदलामागे वर्गीकरणाचा एक वेगळा विचार होता आणि त्याचा परिणाम बियाण्याच्या निवडीवर आणि बाजारभावावरही झाला.

शेतकऱ्याची आणि बाजाराची वर्गवारी

शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांनी कापसाची वर्गवारी केलेली होती. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात कापसाचे मुख्य दोन भेद मानले जात : बनी आणि जडी. १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्येही हीच दोन नावे आहेत. बनीचा धागा लांब, मऊ आणि बारीक असे; पण ती उशिरा तयार होई आणि तिच्या कापसातून रुईचा उतारा कमी पडे. जडी राकट, लवकर फुटणारी आणि उताऱ्याला भारी. पण तिचा धागा आखूड व जाड. या भेदात पानाचा किंवा फुलाचा विचार दुय्यम होता. झाड किती दिवसांत येते, बोंड किती भरते आणि रेच्यातून रुई किती निघते, यांवर शेतकऱ्याची नावे बेतलेली होती.

व्यापाऱ्यांची वर्गवारी निराळी होती. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. भरूच, धोलेरा, कुमठा, बंगाल ही अशीच दुसरी नावे. ती गावांची किंवा प्रदेशांची होती आणि गाठीत बांधलेल्या मालाला लागत. एका गाठीत बनी किती आणि जडी किती, हे नावावरून कळत नसे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६६ मध्ये हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. हिंगणघाटची बनी उत्तम प्रतीची म्हणून नावाजलेली होती; तिच्यात जडी मिसळून तिची प्रत घसरते, ही त्या काळातली मोठी तक्रार होती. पण मिसळ थांबवायची तर बनी कोणती आणि जडी कोणती हे बोंड फुटण्यापूर्वी, उभ्या पिकात ओळखता आले पाहिजे. त्यासाठी झाडाच्या लक्षणांवर आधारलेले वर्गीकरण लागणार होते.

आजचा महागाव तालुका त्या वेळी पुसद तालुक्यात मोडत असे आणि पुसद वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका पूर्वीच्या वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. हा भाग वऱ्हाडच्या बालाघाटात, म्हणजे वरच्या पठारावर येतो. पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. या सीमेला कापसाच्या इतिहासातही महत्त्व आहे.

लिनियसपासून तोदारोपर्यंत

कार्ल लिनियस यांनी १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात गॉसिपियम प्रजातीतील हर्बेशियम, आर्बोरियम आणि बार्बाडेन्स या जातींना नावे दिली. अमेरिकेतील हिर्सुटमची भर १७६३ मध्ये पडली. आशियातील कापसाच्या वाट्याला त्यांतील दोनच जाती आल्या. हर्बेशियम झुडपासारखी वर्षायू, तर आर्बोरियम झाडासारखी बहुवर्षायू, असा ढोबळ भेद होता. शेतात दर वर्षी पेरला जाणारा वऱ्हाडी कापूस या व्याख्येने हर्बेशियममध्ये जाई, आणि पुढे दीर्घकाळ तो तसाच लिहिलाही गेला. झाड किती वर्षे टिकते, या एकाच लक्षणावर विसंबल्याचा हा परिणाम होता.

पुढच्या शतकात जातींची संख्या लेखकागणिक बदलत गेली. फ्रान्समध्ये लामार्क यांनी इंडिकम ही जाती वेगळी केली. इटलीत फिलिप्पो पार्लातोरे यांनी १८६६ मध्ये कापसाच्या फक्त सात जाती मान्य केल्या. सिसिलीतील पालेर्मो येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख अगोस्तिनो तोदारो यांनी १८७७ मध्ये ती संख्या पन्नासच्या वर नेली. भारतातून आलेल्या बियाण्यांपासून बागेत वाढवलेल्या झाडांत दिसलेला जवळजवळ प्रत्येक ठळक फरक त्यांनी जातीच्या दर्जाचा मानला. नेग्लेक्टम, सर्नुअम आणि रोझियम ही नावे त्यांचीच. जडी कापसातील पांढऱ्या फुलाची झाडे रोझियम ही स्वतंत्र जाती म्हणून प्रथम शास्त्रात आली, ती अशी.

पार्लातोरे आणि तोदारो यांच्या आकड्यांतली ही तफावत दोन वृत्तींतून आलेली आहे. एका वृत्तीला साम्य महत्त्वाचे वाटते. ती गट मोठे ठेवते आणि आतले भेद खालच्या पायऱ्यांवर ढकलते. दुसरीला भेद महत्त्वाचा वाटतो. ती प्रत्येक भेदाला वेगळे नाव आणि वरचा दर्जा देते. कापसाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात या दोन वृत्ती आलटून पालटून पुढे येतात.

गॅमी आणि वॉट

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मोठी कामे जवळजवळ एकाच वेळी झाली. जी. ए. गॅमी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी देशभरातून कापसाचे बियाणे मागवले, झाडे शेजारी शेजारी वाढवली आणि भारतीय कापसांचे सचित्र वर्णन केले. सर जॉर्ज वॉट यांनी भारतातील आर्थिक उत्पादनांचा कोश सिद्ध केल्यानंतर १९०७ मध्ये जगातील रानटी व लागवडीखालील कापसांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गॅमींचा भर जिवंत झाडांवर होता, तर वॉट यांचा भर युरोपातील संग्रहांत जपलेल्या वाळलेल्या नमुन्यांवर आणि जुन्या ग्रंथांवर.

वऱ्हाडी कापसाबाबत दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत. गॅमींनी बनीला इंडिकम ही जाती मानले. वॉट यांनी तिला नानकिंग या जातीचा ‘बनी’ नावाचा प्रकार ठरवले. जडीतल्या झाडांना गॅमींच्या पद्धतीत नेग्लेक्टम या जातीचे प्रकार म्हणून जागा मिळाली. वॉट यांनी नेग्लेक्टमचा जातीचा दर्जाच काढून घेतला आणि तो आर्बोरियमचा प्रकार केला. रोझियमही आर्बोरियमचाच प्रकार ठरला. म्हणजे तोदारोंकडे जी जाती होती, ती गॅमींच्या पद्धतीत एका जातीचा प्रकार आणि वॉट यांच्याकडे दुसऱ्याच जातीचा प्रकार झाली.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कृषी खात्यात गॅमींची पद्धत रुळली, कारण ती शेतात वापरता येई. या पद्धतीने पाहिल्यावर जडी हा एकजिनसी कापूस नसून मिश्रण असल्याचे उघड झाले. त्यात नेग्लेक्टमचे चार प्रकार ओळखले गेले. व्हेरमचे फूल पिवळे आणि पानाच्या पाळ्या अरुंद. माल्वेन्सचे फूल पिवळे आणि पाळ्या रुंद. रोझियमचे फूल पांढरे आणि पाळ्या अरुंद. कच्छिकमचे फूल पांढरे आणि पाळ्या रुंद. त्यांच्या जोडीला काही ठिकाणी बनीची, तर काही ठिकाणी अमेरिकी हिर्सुटमची झाडेही मिसळलेली असत. एकाच वावरात हे सगळे वेगवेगळ्या प्रमाणात उभे असे, आणि ते प्रमाण दर वर्षी जिनमधून मिळणाऱ्या सरकीबरोबर बदलत जाई.

वर्गीकरणाचा हा पहिला प्रत्यक्ष लाभ होता. जे पीक इतके दिवस ‘जडी’ या एका नावाने ओळखले जात होते, त्यातली वेगवेगळी झाडे कृषी खात्याला फुलाचा रंग आणि पानाचा आकार पाहून बाजूला काढता आली.

रोझियमचा काळ

वेगळ्या काढलेल्या प्रकारांची तुलना केल्यावर रोझियम आघाडीवर आला. त्याचा रुईचा उतारा शेकडा ४० च्या आसपास होता. बनीचा उतारा त्याहून खूपच कमी. झाड काटक, उत्पन्न चांगले. धागा आखूड आणि जाड असला, तरी त्या काळात जपानच्या गिरण्या जाड सुतासाठी आखूड धाग्याचा भारतीय कापूस मोठ्या प्रमाणावर घेत होत्या. डी. क्लाउस्टन यांच्या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कृषी खात्याने रोझियमचे निवडलेले बियाणे शेतकऱ्यांना दिले आणि त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

याच वेळी एक गैरसमजही पसरला. पांढरे फूल म्हणजे भारी उतारा आणि आखूड धागा, पिवळे फूल म्हणजे त्याच्या उलट, असा अर्थ लावला जाऊ लागला. प्रकाराचे नाव फुलाच्या रंगावर आणि पानाच्या आकारावर ठरलेले होते. पण ते नाव वापरणाऱ्यांनी त्यात धाग्याचे गुणही गृहीत धरले. पुढे पिवळ्या फुलाच्या व्हेरममधूनच ‘व्हेरम २६२’ हा रोझियमपेक्षा लांब धाग्याचा वाण निवडून काढण्यात आला. एका प्रकाराच्या आत धाग्याच्या बाबतीत किती विविधता दडलेली असते, हे त्यावरून दिसले.

मिसळीचा प्रश्न मात्र वर्गीकरणाने एकट्याने सुटणारा नव्हता. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने चांगल्या कापसाच्या पट्ट्यात हलका कापूस आणण्यावर बंदी घालण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला, आणि १९२५ च्या कायद्याने जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांवर देखरेख आली. अशा कायद्यांना आधार म्हणून कापसाचे पट्टे आणि गट निश्चित करणे आवश्यक झाले.

मेंडेलचा नियम आणि पानाचे माप

याच दशकांत आनुवंशिकतेच्या नव्या शास्त्राने जुन्या वर्गीकरणाचा पाया हलवला. संयुक्त प्रांतातील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू मार्टिन लीक यांनी १९११ मध्ये भारतीय कापसाच्या संकरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान रुंद की अरुंद हे नजरेने ठरवण्याऐवजी त्यांनी मधल्या पाळीची खाचेपासूनची लांबी आणि तिची रुंदी यांचे गुणोत्तर काढले. रुंद आणि अरुंद पानांच्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत मधल्या आकाराचे पान येई आणि पुढच्या पिढीत तिन्ही आकार वेगळे होत. फुलाच्या रंगात पिवळा पांढऱ्यावर प्रभावी ठरे.

याचा अर्थ दूरगामी होता. नेग्लेक्टमचे चारही प्रकार म्हणजे दोन साध्या आनुवंशिक गुणांचे चार मेळ होते. पिवळ्या-रुंद आणि पांढऱ्या-अरुंद झाडांचा संकर केला, तर त्याच्या वंशजांत चारही ‘प्रकार’ मिळू शकत. एकाच बोंडातल्या सरकीतून वेगवेगळ्या नावांची झाडे निघू शकत असतील, तर ती नावे नात्यांची नाहीत, केवळ दृश्य लक्षणांची आहेत, हे मान्य करणे भाग होते. ओळखीसाठी ती उपयोगी होती. पण कोणता कापूस कोणाच्या जवळचा, कुठून आला आणि कोणाशी संकर फलद्रूप होईल, हे ती सांगत नव्हती.

गुणसूत्रांच्या मोजणीने दुसरी मोठी रेघ आखून दिली. १९२० च्या दशकात असे दिसून आले की आशियाई कापसात गुणसूत्रे २६ असतात आणि अमेरिकेतील लागवडीच्या कापसांत ५२. ताश्कंदचे संशोधक झैत्सेव यांनी या भेदाला धरून प्रजातीची मांडणी केली. देशी आणि अमेरिकी कापसांमधली भिंत खरी आणि खोल होती. देशी कापसांच्या आतल्या बहुतेक भिंती मात्र कागदावरच्या होत्या.

इंदूरची मांडणी

मध्यवर्ती कापूस समितीच्या मदतीने १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली; तिचे पहिले प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड होते. १९३३ ते १९३७ या काळात तिथे जोसेफ बर्ट हचिन्सन यांनी काम केले. त्यांनी आणि आर. एल. एम. घोष यांनी मध्य भारत व राजपुतान्यातील शेतांत उभ्या पिकाची घडण तपासली, देशोदेशींचे नमुने एकत्र वाढवले आणि १९३७ मध्ये आशिया व आफ्रिकेतील कापसांचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले.

या मांडणीत देशी कापसांच्या जाती दोनच राहिल्या. ज्याच्या फुलाखालची पुष्पपत्रे बाहेर फाकलेली, सहा-आठ दातांची आणि बोंड गोलसर, तो हर्बेशियम. ज्याची पुष्पपत्रे फुलाला चिकटून, तीन-चार दातांची आणि बोंड टोकाकडे निमुळते व खड्ड्याखड्ड्यांचे, तो आर्बोरियम. वऱ्हाडचे सगळे देशी कापूस, बनीही आणि जडीही, आर्बोरियममध्ये आले. लिनियसच्या काळापासून बहुवर्षायू झाडांसाठी राखलेल्या या जातीत वर्षायू पिकांचा समावेश झाला आणि हर्बेशियमशी जोडलेले चुकीचे नाते संपले.

जातीच्या खाली हचिन्सन आणि घोष यांनी दोन पायऱ्या वापरल्या. पहिली प्रकाराची : बहुवर्षायू झाडे ‘टिपिकम’, वर्षायू पिके ‘नेग्लेक्टम’, आणि आसामच्या बाजूचे मोठ्या बोंडांचे कापूस ‘सर्नुअम’. दुसरी रूपाची, आणि ती भूगोलावर आधारलेली : इंडिका, बेंगालेन्सिस, बर्मानिका वगैरे. बनी आणि तिचे जवळचे कापूस ‘नेग्लेक्टम’ प्रकाराच्या ‘इंडिका’ रूपात गेले. जडीतले रोझियम, व्हेरम, माल्वेन्स आणि कच्छिकम हे सगळे त्याच प्रकाराच्या ‘बेंगालेन्सिस’ रूपात एकत्र आले. फुलाचा रंग आणि पानाची रुंदी यांना आता वेगळा दर्जा उरला नाही.

बनी आणि जडी यांतला भेद मात्र या चाळणीतून टिकून राहिला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने जी रेघ धाग्यावरून आणि उताऱ्यावरून ओढली होती, ती नात्याच्या खऱ्या रेघेच्या जवळ होती. वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुला-पानांवरून ओढलेल्या रेघा पुसल्या गेल्या.

सहा रेस

हीही मांडणी अंतिम ठरली नाही. हचिन्सन इंदूरहून त्रिनिदादला गेले आणि तिथे आर. ए. सायलो व एस. जी. स्टीफन्स यांच्यासह काम पुढे चालले. सायलो यांनी दाखवले की बहुवर्षायू आणि वर्षायू हा भेद प्रकाराच्या दर्जाला योग्य नाही. कापूस मुळात बहुवर्षायू होता. जिथे थंडी किंवा दुष्काळ यांमुळे झाड वर्षभर टिकत नसे, तिथे माणसाने लवकर येणारी झाडे निवडली आणि वर्षायू पीक घडवले. हे एकदाच घडले नाही. निरनिराळ्या प्रदेशांत ते स्वतंत्रपणे घडले. त्यामुळे एका प्रदेशातला वर्षायू कापूस दूरच्या वर्षायू कापसापेक्षा आपल्याच प्रदेशातल्या बहुवर्षायू झाडाला जवळचा असतो. वरच्या पायरीवर वर्षायू-बहुवर्षायू असा भेद ठेवला की जवळची नाती तुटतात आणि लांबची जोडली जातात. म्हणून भूगोल वर आणि आयुर्मान खाली, असा क्रम लावणे योग्य ठरले.

१९४४ मध्ये सायलो यांनी आर्बोरियमची विभागणी सहा भौगोलिक गटांत केली आणि त्या गटांना ‘रेस’ म्हटले : पश्चिम व दक्षिण भारतातील इंडिकम, उत्तर व मध्य भारतातील बेंगालेन्स, ईशान्येकडील डोंगराळ भागातील सर्नुअम, ब्रह्मदेश व त्याच्या आसपासचा बर्मानिकम, चीनमधील सायनेन्स आणि आफ्रिकेतील सुदानेन्स. हर्बेशियमच्याही पर्सिकम, कुलजियानम, असेरिफोलियम, वाइटियानम आणि आफ्रिकानम अशा पाच रेस मानल्या गेल्या. हचिन्सन, सायलो आणि स्टीफन्स यांच्या १९४७ च्या ग्रंथाने ही पद्धत जगभर पोहोचवली. त्या ग्रंथात संपूर्ण गॉसिपियम प्रजातीत वीसच जाती मानल्या आहेत.

रोझियमचा प्रवास असा पूर्ण झाला : तोदारोंकडे जाती, गॅमींच्या पद्धतीत नेग्लेक्टमचा प्रकार, वॉट यांच्याकडे आर्बोरियमचा प्रकार, इंदूरच्या मांडणीत ‘बेंगालेन्सिस’ रूपाचा एक भाग, आणि शेवटी बेंगालेन्स रेसमधला एक पांढऱ्या फुलाचा कापूस.

नावांचे नियम

दर्जा बदलला की नाव का बदलते, याचे उत्तर वनस्पतिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे. १९०५ च्या व्हिएन्ना परिषदेपासून या नियमांना आजचे स्वरूप येऊ लागले. सर्वांत जुने नाव ग्राह्य, हे त्यांचे मुख्य तत्त्व. पण नावाचा हा ज्येष्ठतेचा हक्क आपल्याच पायरीपुरता असतो. जातीच्या पायरीवर दिलेले नाव प्रकाराच्या पायरीवर वापरलेच पाहिजे असे बंधन नाही. म्हणून एकाच गटाला जाती, प्रकार आणि रूप म्हणून तीन निरनिराळी नावे नियमाने बरोबर असू शकतात.

दुसरा नियम जातीच्या मूळ गटाचा आहे. एखाद्या जातीचे प्रकार पाडले की ज्या प्रकारात त्या जातीचा आधारभूत नमुना येतो, त्याला जातीचेच नाव पुन्हा लागते. जसे आर्बोरियम जातीचा आर्बोरियम प्रकार. हा प्रकार दाखवण्यासाठी पूर्वी ‘टिपिकम’ किंवा ‘व्हेरम’ अशी नावे सर्रास दिली जात. संहितेने नंतर अशी नावे अग्राह्य ठरवली. इंदूरच्या मांडणीतला ‘टिपिकम’ प्रकार आणि वऱ्हाडात गाजलेला नेग्लेक्टमचा ‘व्हेरम’ प्रकार ही दोन्ही नावे आजच्या नियमांत बसत नाहीत.

‘रेस’ ही पायरी तर संहितेत मुळातच नाही. त्यामुळे रेसच्या नावाला आधारभूत नमुना, शास्त्रीय वर्णन किंवा ज्येष्ठतेचा नियम यांपैकी काहीच लागू होत नाही. पैदासकारांना ही मोकळीक सोयीची वाटली, कारण पिकांतले गट एकमेकांत मिसळत असतात आणि त्यांच्या कडा सरकत राहतात.

शेतकरी प्रत्यक्ष पेरतो त्या वाणासाठी वेगळी संहिता झाली. लागवडीत टिकवल्या जाणाऱ्या वाणासाठी ‘कल्टिव्हर’ ही संज्ञा अमेरिकी उद्यानशास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली यांनी १९२३ मध्ये सुचवली होती. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये निघाली. वाण इतरांपासून वेगळा ओळखू यावा, एकसारखा असावा आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहावा, या तीन कसोट्या तिने मानल्या. नव्या वाणाचे नाव लॅटिनमध्ये देता येत नाही. ते चालू भाषेतले असावे लागते. भारतात २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने याच कसोट्यांवर नोंदणी सुरू केली आणि शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांनाही तीत स्थान दिले. कापसाची परीक्षा घेताना २६ गुणसूत्रांचे देशी आणि ५२ गुणसूत्रांचे अमेरिकी यांसाठी वेगळ्या मार्गदर्शिका आहेत.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर

हे सगळे भेद पैनगंगेच्या खोऱ्यात शेजारी शेजारी पाहायला मिळत. नदीच्या उत्तरेला, पुसद-महागावच्या बाजूने, वऱ्हाडचा जडी-रोझियमचा पट्टा होता आणि पुढे त्यात व्हेरमची भर पडली. दक्षिणेला, निजामाच्या राज्यातल्या नांदेड-परभणीकडे, गावराणी कापूस पिके. गावराणी बनीच्या जवळचा, लांब आणि तलम धाग्याचा, इंडिकम रेसचा. नांदेडच्या गावराणीला गिरण्यांत मान होता. परभणी-नांदेड भागातल्या संशोधनातून ‘गावराणी ६’, ‘गावराणी १२’ असे वाण निघाले.

म्हणजे बेंगालेन्स आणि इंडिकम या दोन रेसच्या पट्ट्यांची सीमा इथल्या राजकीय सीमेजवळूनच जात होती. नदी हा कापसाला अडसर नव्हता; दोन्ही काठांची काळी जमीन आणि पाऊस सारखेच होते. फरक पाडला तो दोन राज्यांच्या धोरणांनी. एकीकडे बाजाराने उताऱ्याला भाव दिला आणि बनी मागे पडली. दुसरीकडे लांब धाग्याच्या पट्ट्याला संरक्षण मिळाले आणि तिची बहीण टिकली. रेसची वाटणी निसर्गाइतकीच माणसाच्या निवडीने घडते, हे या पट्ट्यात स्पष्ट दिसते.

आजची स्थिती

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. पुढच्या दशकांत अमेरिकी हिर्सुटम पसरला. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज महागाव तालुक्यात आणि एकूणच यवतमाळ जिल्ह्यात दिसणारी पऱ्हाटी बहुतेक संकरित बीटी हिर्सुटमची आहे. देशी कापूस मुख्यतः संशोधन केंद्रांत आणि तुरळक शेतांत उरला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘एकेए’ मालिकेतले आणि परभणीच्या विद्यापीठाने ‘पीए’ मालिकेतले आर्बोरियमचे वाण दिले आहेत. परभणीच्या वाणांनी देशी कापसाचा धागा आखूडच असतो हा समज खोडून काढला. १९७६ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत देशी कापसाचे हजारो नमुने जपलेले आहेत आणि त्यांच्या नोंदींत रेसची नावे अजून वापरात आहेत.

रेण्वीय अभ्यासांनी जुन्या वर्गीकरणाची पुन्हा परीक्षा घेतली. जोनाथन वेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये विकरांच्या साहाय्याने दाखवले की हर्बेशियम आणि आर्बोरियम या दोन्ही जाती माणसाने स्वतंत्रपणे लागवडीत आणल्या. २०१४ मध्ये आर्बोरियमच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. या तपासण्यांत दोन जातींमधली सीमा ठळक राहते. रेसमधल्या सीमा तितक्या ठळक दिसत नाहीत, कारण बियाणे माणसाबरोबर सतत प्रवास करत आले आहे. नमुना कुठून गोळा केला, याची अचूक नोंद असेल तरच रेसचे नाव अर्थपूर्ण ठरते.

या इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. गटाचा दर्जा झाडावर लिहिलेला नसतो. कोणत्या फरकाला किती वजन द्यायचे, या निर्णयातून तो ठरतो. फूल आणि पान या सहज दिसणाऱ्या लक्षणांवर दिलेली नावे शेतातली मिसळ निवडायला उपयोगी पडली, पण नाती सांगताना फसली. भूगोल आणि वंश यांवर आधारलेली नावे अधिक टिकली, तरी तीही कायमची नाहीत. बनी, जडी, गावराणी ही शेतकऱ्यांची नावे कोणत्याही संहितेत बसत नसली, तरी प्रत्येक शास्त्रीय मांडणीला त्यांची दखल घ्यावी लागली, कारण त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण होते. आज पैनगंगेच्या खोऱ्यात जिथे कुठे जुनी देशी पऱ्हाटी उभी असेल, तिथले बियाणे गोळा करताना गावाचे नाव, जमिनीचा पोत आणि शेतकरी तिला काय म्हणतो हेही लिहून ठेवले पाहिजे. पुढच्या पिढीला वर्गीकरणाच्या पायऱ्या बदलता येतील; न नोंदलेली माहिती मात्र परत मिळवता येणार नाही.